बाळाच्या लाकडी खेळण्यांना चपडा की जवसाचं तेल? पावसाळ्यानंतरचा अनुभव

भाचीसाठी शिवणीच्या लाकडाची खेळणी केली. ठोकळ्यांना चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये भिजवून विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश, ओढायच्या हत्तीला नुसतं जवसाचं तेल आणि खुळखुळ्याला तेल-मेण. घर चिपळूणला, त्यात तिचे दात येण्याचे दिवस. बाहेरून पाऊस, आतून लाळ.

दिसायला चपडा पहिल्या दिवसापासून पुढे होता. स्पिरिट भराभर उडतं, त्यामुळे एका दुपारीत तीन-चार पातळ हात बसतात. लाख पोटात गेली तरी काळजी नाही, औषधी गोळ्यांवरही तिचा मुलामा असतो. चपडा मात्र लागेल तेवढाच भिजवा. वर्षभर पडून राहिलेलं पॉलिश धड वाळत नाही. सतत चोखलेल्या कडांवर पांढुरके डाग आले, ते मी धरूनच चाललो होतो. खरा घात केला सॅनिटायझरनं. आजी प्रेमानं रोज त्यानं ठोकळे पुसायची, आणि लाख अल्कोहोलमध्येच विरघळते! ठोकळे एकमेकांना चिकटून बसले. दुरुस्ती तशी सोपी, कारण नवा हात जुन्यात मुरून एकजीव होतो. पण घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवावं लागतं.

जवसाचं तेल घाण्यावरचं, खायचं आणलं. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ मुद्दाम टाळलं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा कोबाल्ट, मँगनीज असल्या धातूंचे क्षार घालतात. पुरतं वाळल्यावर त्याचं काही वाटत नाही असं म्हणणारे जाणकार आहेत, पण बाळ चोखणार त्या वस्तूला मी ते लावणार नाही. कच्चं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याला आठवडे लागतात. हत्ती वैशाखाच्या उन्हात छान वाळला, तरी आषाढात सोंडेखाली काळ्या बुरशीचे ठिपके दिसलेच. घासून, ऊन दाखवून गेले, पण कोकणात नुसतं तेल नको, हे माझं मत पक्कं झालं. (खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल सुचवणाऱ्यांसाठी: ती वाळतच नाहीत.)

खुळखुळा सर्वांत जास्त चावला गेला आणि सर्वांत बरा टिकला. एक भाग मधमाशीचं मेण, चार भाग तेल, गरम पाण्यात वाटी ठेवून वितळवलेलं. लावण्याआधी लाकूड ओलं करून वाळू द्यायचं आणि उठलेली कुसं ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं काढायची. नाहीतर पहिल्याच लाळेत ते खरखरीत होतं. चकाकी यथातथाच, पाण्यापासून राखणही बेताचीच. पण वर पापुद्रा नसतो, त्यामुळे टवके निघून तोंडात जाण्याचा प्रश्न येत नाही. फिका पडला की फडक्यानं पुन्हा चोळायचा आणि वाळेपर्यंत दुसरं काहीतरी हातात द्यायचं. ती तेलकट फडकी चुरगाळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

रंगाच्या वाटेला गेलो नाही. घरातला जुना ऑईलपेंट तर खेळण्याला लावूच नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या डब्यात काय असेल कोण जाणे. रंग हवाच असेल तर कर्नाटकातल्या लाकडी खेळण्यांच्या गावाची, चन्नपट्टणची रीत उत्तम: लेथवर फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणानं लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पातीनं चकाकी आणतात. आमच्याकडे लेथ नाही, म्हणून भोवरा कातारीकडून करून घेणार आहे. ठोकळ्यांचा चपडा मात्र तसाच ठेवतोय, सॅनिटायझरची बाटली तेवढी वरच्या फळीवर गेली.