पाटी उशिरा मिळाली, पण नियमात बसणारी मिळाली

महाल भागातील आमच्या पुस्तकांच्या दुकानाची नवी पाटी या कारागिरांकडून करून घेतली, त्याला आता वर्ष होत आले आहे. त्याआधी दुसरीकडे केलेली पाटी मला उतरवावी लागली होती, कारण तिच्यावर मराठी नाव इंग्रजीच्या खाली आणि बारीक अक्षरांत होते. २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक आहे, मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, हे तेव्हा ना मला ठाऊक होते, ना ती पाटी करणाऱ्यांनी सांगितले.

या कारागिरांनी माप घेतानाच तो विषय काढला. ‘पुस्तके’ या शब्दात खाली उकार आहे आणि वर मात्रा. मात्रेच्या टोकापासून उकारापर्यंतची उंची इंग्रजी अक्षराइतकी धरली, तर मधले मूळ अक्षर आक्रसते आणि रस्त्यावरून इंग्रजीच ठळक दिसते. म्हणून त्यांनी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत नऊ इंच धरले, इंग्रजीला सहा इंच दिले आणि खऱ्या मापाचा कागदी नमुना शटरवर चिकटवून मला रस्त्यापलीकडून वाचायला लावला. अक्षराकडे इतक्या आस्थेने पाहणारा माणूस मला या व्यवसायात प्रथमच भेटला.

पाटी गच्चीच्या कठड्यावर उभारावी, असा माझा आग्रह होता. इमारतीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक हा आकाशचिन्हात मोडतो आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ नुसार त्याला आयुक्तांची लेखी परवानगी लागते, हे त्यांनी समजावून सांगितले. कठड्यावरचे काम मोठे, म्हणजे त्यांचेही बिल मोठे झाले असते. तरीही त्यांनी पाटी शटरच्या वर, भिंतीला सपाट लावण्याचा सल्ला दिला, याचे मला विशेष वाटते.

फ्लेक्सऐवजी एसीपी शीटवर (अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेल्या फळीवर) अॅक्रिलिकची अक्षरे घेतली. मे महिन्याचे ऊन आणि त्यानंतरची वादळे सोसूनही रंग उतरलेला नाही, चौकट हललेली नाही.

काम मात्र ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा झाले. बिलात लोखंडी चौकट, अक्षरे आणि बसवणावळ यांची एकच रक्कम लिहिली होती. मागितल्यावर फोड मिळाली, पण ती दरपत्रकातच द्यायला हवी होती.