घोड्यावरून स्पिती : बडोद्यात पैसे भरले, डोंगरात घोडेच नव्हते

घोड्यावरून डोंगर फिरवून आणतो असं सांगणारा माणूस पैसे घेण्याआधी तुमचं वजन विचारत नसेल, तर त्याच्याकडे घोडा नाही असं खुशाल समजा. ज्याच्या दावणीला घोडा आहे त्याला पहिली काळजी तीच असते. आमच्या एजंटाने आधार कार्डं मागितली, जेवणात कांदा-लसूण चालतो का विचारलं, टी-शर्टची मापंसुद्धा घेतली. वजन कुणाचंच विचारलं नाही. याआधी कधी घोड्यावर बसला आहात का, हेही नाही.

आम्ही बडोद्याचे. ज्या शहरात हुजरात पागा नावाची वस्ती अजून आहे, तिथल्या मराठी घरांत घोड्याचं वेड पिढ्यान्पिढ्या उतरत आलेलं असतं. आमच्या घरात ते पुतणीला लागलं. ती इथल्या एका रायडिंग क्लबात नियमाने जाते, घोड्याचा खरारा स्वतः करते, तंग स्वतः आवळते. तिच्यामुळे माझे दीर, जाऊबाई, वन्सं आणि मी अशी सगळ्यांचीच तयारी झाली, आणि अलकापुरीतल्या एका ऑफिसमध्ये आम्ही जाऊन बसलो. त्याची जाहिरात होती : चामुर्थी घोड्यांवरून स्पिती, सात दिवस, लांगझा, कोमिक, डेमुल, लालुंग आणि धनकर. माणशी 46,500 रुपये, बडोद्यापासून बडोद्यापर्यंत.

यातली वाट खरी आहे. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यातली ही गावं एकमेकांना पायवाटांनी जोडलेली आहेत आणि ट्रेकिंग करणारे लोक त्या वाटेने जातात. चामुर्थी घोडाही खरा आहे. बुटका, दणकट, विरळ हवेत टिकणारा, डोंगराच्या कडेने पाय न चुकता चालणारा. स्पितीतलं पिन खोरं हे त्याचं माहेर, आणि रामपूर बुशहरला नोव्हेंबरात लवी मेळा भरतो तिथे या घोड्यांची जुनी बाजारपेठ आहे. म्हणून चौकशी केली की सगळं जुळतं. गावांची नावं शोधा, सापडतात. घोड्याची जात शोधा, सापडते. सगळा माल खरा, फक्त त्यातलं काहीही त्याचं नव्हतं. अशा फसवणुकीत नेमकं हेच ओळखता येत नाही.

माणूस मराठी बोलणारा होता. आजोळ बाबाजीपुऱ्यात म्हणून सांगायचा, घरी आला की वन्संच्या पायांवर डोकं ठेवायचा. साठ टक्के रक्कम बुकिंगला आणि उरलेली निघायच्या आठवडाभर आधी, असं ठरलं. पैसे कंपनीच्या खात्यावर न घेता त्याने एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर घेतले. कारण सांगितलं, कंपनीच्या खात्याची केवायसी चालू आहे. बिल मात्र छापील, जीएसटी नंबरासह, आणि त्यात ‘इनर लाइन परमिट’ (सीमेजवळच्या भागात जायची सरकारी परवानगी) म्हणून माणशी 1,500 रुपये वेगळे लावलेले.

या परमिटबद्दल आधी सांगते, कारण या एका ओळीवरून माणूस पकडता येतो. स्पितीत जायला भारतीय नागरिकाला इनर लाइन परमिट लागत नाही. ते परदेशी पाहुण्यांना लागतं, आणि तेही किन्नौरच्या बाजूच्या ठरावीक टप्प्यासाठी. मनालीहून रोहतांग खिंडीवरून गाडी न्यायची तर गाडीला परवाना लागतो, पण 2020 साली सुरू झालेल्या अटल बोगद्यातून गेलं तर तोही लागत नाही. म्हणजे जो कागद आम्हाला लागतच नव्हता त्याचे पाच जणांचे मिळून साडेसात हजार रुपये त्याने आमच्याकडून घेतले.

फोटोचा घोळ पुतणीच्या लक्षात आला तो पश्चिम एक्सप्रेसमध्ये. छापील माहितीपत्रक तिने पहिल्यांदाच नीट हातात घेतलं होतं. “काकू, कान बघ,” म्हणाली. फोटोतल्या घोड्याचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना जवळजवळ टेकलेली. असे कान काठियावाडी किंवा मारवाडी घोड्याचे असतात. बडोद्यात काठियावाडी घोडा लग्नाच्या वरातीतही दिसतो, आपल्याला ते कान अनोळखी नाहीत. मागे बर्फाचा डोंगर चिकटवलेला होता. तिने तिथूनच एजंटाला मेसेज केला. उत्तर लगेच आलं : ताई, घोडे आम्ही गुजरातहून ट्रकने नेतो, आपल्या लोकांना आपलेच घोडे बरे पडतात. समुद्रसपाटीजवळचा घोडा चार हजार मीटरवर नेऊन दुसऱ्या दिवशी पाठीवर माणूस बसवायचा, हे जनावर पाळलेला कोणीही माणूस बोलणार नाही.

अंबाल्याला उतरून बसने मनाली. तिथे एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे जीपने कुंझुम खिंड ओलांडून थेट काझा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लांगझाला घोड्यावर, असा त्याचा कार्यक्रम. मनाली सुमारे 2,000 मीटर, काझा 3,600 च्या वर, लांगझा जवळपास 4,400. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, हे डोंगरातले डॉक्टर सांगून थकले आहेत. काझाला पोचल्यावर रात्री जाऊबाईंचं डोकं फुटायला आलं, उलट्या थांबेनात, पोटात पाणी ठरेना. तिथल्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी कार्यक्रमाचा कागद वाचला आणि विचारलं, हा कोणी बनवला? जाऊबाईंनी दोन दिवस वर जायचं नाही असं बजावून त्यांनी तो कागद परत दिला. पैसे बुडाल्याचं दुःख मी गिळू शकते. त्या रात्रीचा मात्र राग अजून जात नाही. काझात दवाखाना होता म्हणून निभावलं. कोमिक किंवा डेमुलला हे झालं असतं तर?

जाऊबाईंपाशी वन्संना ठेवून दीर, पुतणी आणि मी लांगझाला गेलो, निदान घोडे तरी बघू म्हणून. मैदानात तीन तट्टं आणि दोन खेचरं उभी होती. पाठीवर लाकडी खोगीर, ओझं बांधायचं असतं ते, त्यावर घडी घातलेलं ब्लँकेट. तंग म्हणून प्लॅस्टिकची निळी दोरी पोटाखालून घेतलेली. रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, नावालाही नाही. पुतणीने एका करड्या तट्टाच्या ब्लँकेटखाली हात सारला तशी त्याची कातडी खांद्यापासून मागेपर्यंत थरथरली आणि त्याने कान मागे पाडले. ब्लँकेट उचललं. मानेच्या मुळाशी, जिथे खोगिराची पुढची कमान टेकते, तिथे हाताच्या पंजाएवढी जखम होती. हळद आणि मोहरीचं तेल लावलेलं, कडा सुकलेल्या, मध्ये ओली. माश्या बसत होत्या.

घोडेवाला वयस्कर, शांत माणूस. तो म्हणाला, ही जनावरं सामानाची आहेत, माणसाची नाहीत. एजंटाचा फोन त्याला फक्त आदल्या दिवशी आला होता : पाच जनावरं एका दिवसाच्या सामानासाठी हवीत. सात दिवसांची गोष्ट त्याच्या कानावरही नव्हती आणि पैशाचा तर एक छदामही पोचलेला नव्हता. या करड्याला तो विश्रांती देत होता, पण आकडा पाचचा सांगितला म्हणून आणावा लागला. स्वारीचे चांगले घोडे गावात आहेत का, असं विचारल्यावर त्याने वरच्या कुरणांकडे हात केला. ऑगस्ट महिना, घरोघरी मटार काढायचं काम चालू. मटार हे इथलं नगदी पीक, सगळी माणसं शेतात. या दिवसांत आठवड्यासाठी घोडे आणि माणूस हवा असेल तर महिने आधी गावात येऊन बोलावं लागतं, असं तो म्हणाला.

एजंटाला फोन लागला तेव्हा त्याचं उत्तर असं होतं : “लहान घोड्यावर बसायला काय हरकत आहे? फोटो तर येतीलच.”

माझ्या दिरांचं वजन नव्वदच्या वर. ओझ्याच्या जनावरांसाठी आपल्याकडे 1965 चे नियम आहेत, क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. त्यात तट्टाच्या पाठीवर 70 किलोची मर्यादा आहे, दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही आणि सलग पाच तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. घोडेस्वारीतला सर्वसाधारण हिशेब तर आणखी कडक : स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. स्पितीतल्या अडीच-तीनशे किलोच्या घोड्यावर पन्नास-साठ किलो झाले की संपलं. आमच्यातला कोणीही त्यात बसत नव्हता, पुतणी सोडून. हा हिशेब सांगणारा माणूस आम्हाला बडोद्यात भेटला असता तर त्याने आमचं बुकिंगच घेतलं नसतं. खरे घोडेवाले असंच करतात. ते वजन विचारतात, जड माणसाला चक्क नाही म्हणतात, पहिल्या दिवशी सपाटीवर बसवून बघतात, टोळीबरोबर एखादा मोकळा घोडा ठेवतात, आणि रोज किती तास खोगिरावर असाल ते आधी सांगतात. त्यांना घोड्यांची नावं विचारा. भराभरा सांगतील, कोण खोडकर आणि कोण म्हातारा तेही सांगतील. आमच्या एजंटाकडे डोंगराचे फोटो ढीगभर होते, पण एकाही घोड्याचं नाव नव्हतं.

घोडेवाल्याला त्याच्या दिवसाचे पैसे आम्ही दिले. होमस्टेचेही आम्हीच दिले, कारण तेही कोणी दिले नव्हते. करड्या तट्टाला त्याने आमच्यासमोर मोकळं सोडलं.

बडोद्याला परतल्यावर कागद काढून बसलो. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे 24, हिमाचलचे 02. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, तो पॅन कोणाचा ते सांगतं : कंपनी असेल तर सी, भागीदारी असेल तर एफ, एकटा माणूस असेल तर पी. आमच्या बिलावर नाव ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर पी. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी रद्द झालेली, धंदा कपड्याचा. हे तपासायला पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. बुकिंग करण्याआधी बिलाचा नमुना मागून हे बघता येतं. हिमाचलात ट्रॅव्हल एजंटाला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, तिथला 2002 चा कायदा आहे. तो नोंदणी क्रमांकही मागावा.

अलकापुरीतलं ऑफिस महिन्याच्या भाड्याचं होतं. तिथे आता दुसरीच पाटी आहे.

पोलिसांत गेलो तर पहिलं उत्तर आलं, सेवा नीट दिली नाही हा दिवाणी मामला आहे. हे उत्तर ऐकून परत फिरू नका. घोडे ठरवलेलेच नव्हते, परमिट आम्हाला लागतच नव्हतं, जीएसटी नंबर रद्द झालेला होता. म्हणजे पैसे घेतानाच सहल घडवून द्यायचा इरादा नव्हता. ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक आहे, जुन्या 420 ची जागा याने घेतली. आम्ही तारीखवार टिपण करून, घोडेवाल्याचं म्हणणं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं जोडून, लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन ताबडतोब करायचा असतो. समोरच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तरच ते अडवता येतात. आमच्या बाबतीत मधे आठवडे उलटले होते, खातं रिकामं होतं.

ग्राहक आयोगाकडे मात्र दार उघडं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. घोडे हिमाचलात म्हणून शिमल्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, तिथे आधी तक्रार नोंदवून ठेवली. आमचं प्रकरण बडोद्याच्या आयोगापुढे आहे. यूपीआय ज्या बाईच्या नावावर होतं तिलाही आम्ही सामनेवाला केलं आहे, कारण पैसे तिच्या खात्यात गेल्याचा पुरावा बँकेच्या शिक्क्यासह आमच्याकडे आहे.

आमच्याबरोबर त्याच हंगामात आणखी काही बडोदेकरांनी त्याच ऑफिसात पैसे भरल्याचं कानावर येतंय. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, रेल्वेची तिकिटं आणि माहितीपत्रक टाकून देऊ नका, आणि काझा-लांगझाला ज्यांनी तुम्हाला जनावरं दाखवली त्यांचं म्हणणं लिहून घ्या. आयोगाकडे जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.