जोत्यातून चढणारी ओल: वॉटरप्रूफ गिलावा की इंजेक्शन?

ओल फरशीपासून वर चढून साधारण मीटरभर उंचीवर थांबली आणि तिथे पांढरा खार फुटला, तर ती बहुधा जमिनीतली. छताजवळ डाग असेल तर गळती शोधा.

कोकणातल्या जुन्या जांभ्याच्या घरात गवंडी आधी वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा सुचवतो. स्वस्त, झटपट, दिसायला छान. पण पाणी आत चढतंच राहतं आणि गिलावा संपतो तिथे, खिडकीखाली फुटतं.

इंजेक्शनमध्ये जोत्यालगतच्या सांध्यात साधारण दर १२ सेंटीमीटरवर भोकं पाडून सिलेन-सिलॉक्सेन हे पाणी अडवणारं रसायन भरतात. महाग आहे, तरी माझा कौल यालाच. जांभ्याच्या पोकळ्यांत पातळ द्रव वाहून जातो, म्हणून क्रीमच मागा. जुना खारट गिलावा मात्र खरवडावाच लागतो. खार हवेतला दमटपणा ओढत बसतो.

त्याआधी भिंतीला टेकलेली माती काढा, पागोळ्यांचं पाणी लांब न्या. हे जवळपास फुकटात होतं.