वाहाकाच्या धुराच्या बोळात जेवायचं तर

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात एकाच जेवणापुरता वेळ असेल, तर ते 'वेइंते दे नोव्हिएंब्रे' बाजारातल्या धुराच्या बोळात घ्यावं. दोन्ही बाजूंना मांसाच्या गाळ्यांची रांग, प्रत्येकापुढे धगधगते कोळसे आणि मधून जेमतेम चालण्यापुरती वाट. मांस उत्तम असतं, भाजणाऱ्यांचा हात बसलेला असतो. तरी 'लुबाडलं' म्हणत बाहेर पडणारे पाहुणे इथे कमी नाहीत, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे इथली हिशेबाची पद्धत.

या बोळात सगळ्या जेवणाचं मिळून एक बिल नसतंच. मांस एकाकडून, पातीचे कांदे आणि मिरच्या दुसरीकडून, तोर्तिया म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या तिसरीकडून, ग्वाकामोले (अ‍ॅव्होकाडोची चटणी), साल्सा आणि लिंबाच्या बश्या चौथीकडून, पेय आणखी कुणाकडून, आणि ज्याचे त्याचे पैसे वेगळे. टेबलावर न मागता एखादी बशी आली तर ती फुकट असेल असं धरून चालू नये. नको असेल तर लगेच परत करावी. आत शिरताच चारी बाजूंनी हाका सुरू होतात. तिथे न थांबता एक फेरी मारावी, ज्या गाळ्यावर माल भराभर खपतोय तिथे थांबावं आणि तोलण्याआधी किलोचा भाव विचारावा. एका माणसाला पाव किलो मांस पुरतं, दोघांना अर्धा किलो. 'तुम्हीच द्या अंदाजाने' म्हटलं की काटा वरच झुकतो.

मागायचं काय? तासाहो म्हणजे खारवलेल्या गोमांसाचा पातळ पापुद्रा. सेसिना एन्चिलादा हे डुकराचं मांस, लाल मिरचीचं वाटण चोळलेलं. चोरिसो या छोट्या, मसालेदार सॉसेजच्या माळा. आमचं मत सेसिनाच्या बाजूने. तासाहो इतका पातळ असतो की निखाऱ्यावर जरा जास्त राहिला तर चामड्यासारखा होतो, आणि ताटात गार झाला तरी तीच गत. म्हणून आधी जागा धरावी, तोर्तिया मागवून ठेवाव्यात आणि मगच मांस कोळशावर टाकायला सांगावं. मीठ त्यात आधीच भरपूर असतं, वरून फक्त लिंबू पिळावं. कांदे आणि मिरच्या त्याच निखाऱ्यावर भाजून मिळतात. यातली 'चिले दे आग्वा' ही फिकट हिरवी मिरची दिसायला गरीब, पण चांगलीच झणझणीत असते. दुपारी एकच्या आत गेलात तर बाकावर जागा मिळते, शनिवार-रविवारी उभं राहावं लागतं. पैसे रोख आणि सुटे न्यावेत, 500 पेसोची नोट बघून गाळेवाल्यांच्या कपाळावर आठ्या येतात. धुराचा वास कपड्यांना दिवसभर चिकटतो, तेव्हा चांगले कपडे घालून जाऊ नये.

शाकाहारी माणसाने हा बोळ टाळलेलाच बरा. बाहेरही 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. त्लायुदा या मोठ्या, कडकसर तोर्तियावर आधी 'आसिएन्तो' फासतात. डुकराची चरबी कढवल्यावर तळाशी उरणारी बेरी ती. 'सिन आसिएन्तो' असं स्पष्ट सांगावं, आणि वरचं घेवड्याचं वाटण कशात परतलंय तेही विचारावं. मोले या मिरच्या-मसाल्यांच्या दाट रश्श्यात बहुतेक वेळा कोंबडीचं पाणी असतं. केसियो हे दोरासारखं गुंडाळलेलं चीज मात्र शेजारच्या बेनितो हुआरेस बाजारात ताजं मिळतं. तिथेच टोपल्यांत चापुलिनेस, म्हणजे लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले नाकतोडे, आकाराप्रमाणे वेगवेगळे मांडलेले असतात. पहिल्यांदा बारीक घ्यावेत, मोठ्यांचे पाय घशात टोचतात.

तेहाते चुकवू नये. मका, कोको, मामेई फळाची बी आणि 'रोसिता दे काकाओ' नावाचं फूल एकत्र वाटून, हाताने घुसळून केलेलं थंड पेय. वर जाड पांढरट फेस येतो आणि तोच त्याचा जीव. फेस बसलेला दिसला तर दुसरीकडे जावं. कुठलं पाणी वापरलंय हे विचारायला संकोच नको, कारण नळाचं पाणी इथे कुणी पीत नाही.

मिना रस्त्यावरच्या चॉकलेटच्या गिरण्या जवळच आहेत. कोको, साखर, दालचिनी आणि बदाम तुमच्यासमोर दळून देतात. नेहमीचं मिश्रण फार गोड असतं, म्हणून दळण सुरू होण्याआधीच साखर निम्मी करायला सांगावी. प्यायला बसलात तर पाण्यातलं चॉकलेट घ्या, दुधात कोकोची चव दबते. सोबत बुडवायला 'पान दे येमा' हा अंड्याचा पाव.

मेस्काल, म्हणजे घायपातीसारख्या अगेव्ह या झाडापासून गाळलेली दारू, घेताना पर्यटकी दुकानातल्या फुकट घोटांवर जाऊ नये. आधी लेबल वाचावं. अगेव्ह कोणतं, गाव कोणतं, बनवणारा कोण, आणि वर्ग कोणता. मेक्सिकोच्या 2016 च्या सरकारी मानकात तीन वर्ग आहेत: साधा मेस्काल, आर्तेसानाल आणि आन्सेस्त्राल. शेवटच्यात मातीच्या भांड्यातच ऊर्ध्वपातन करावं लागतं. मद्यार्क 35 ते 55 टक्के चालतो. सुरुवात एस्पादिनने करावी. हे लागवडीचं अगेव्ह, तयार व्हायला साधारण 6 ते 8 वर्षं घेतं. तोबाला या दुसऱ्या अगेव्हचा मेस्काल महाग असतो, आणि जीभ सरावल्याशिवाय त्यातला फरक कळत नाही. घोटघोट प्यावं, सोबत संत्र्याची फोड. तिच्यावरच्या तांबड्या मिठात अगेव्हवरच्या अळ्या वाटलेल्या असतात, हेही शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

फिरण्यात पहिला मान मोन्ते अल्बानचा. इसवी सनपूर्व 500 च्या सुमारास वसलेलं हे इथल्या मूळच्या झापोतेक लोकांचं नगर शहरापासून सुमारे 10 किलोमीटरवर, डोंगराचा माथा सपाट करून उभारलेलं आहे. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे दार उघडताच पोचावं आणि टोपी व पाणी सोबत ठेवावं. बसने गेलात तर परतीची वेळ चढतानाच विचारून घ्या. 1932 मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना 7 क्रमांकाच्या थडग्यात सापडलेलं सोनं वर पाहायला मिळत नाही. ते शहरात, सांतो दोमिंगोच्या संग्रहालयात आहे, आणि सोमवारी संग्रहालय बंद असतं.

तुले गावातला अवाढव्य वृक्ष अर्ध्या तासात बघून होतो, मुद्दाम दिवस घालवू नये. रविवार हाती असेल तर त्लाकोलुला गावचा बाजार आणि मित्लाचे प्राचीन अवशेष एकत्र करावेत. येर्वे एल आग्वा या थिजलेल्या धबधब्यासारख्या खडकांच्या ठिकाणी जायचं तर रस्ता चालू आहे का हे आदल्या दिवशी विचारा. गावांतल्या वादामुळे 2021 मध्ये ते बंद झालं होतं. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधीच ठरवावं.