जुन्या पीसीवर फायरफॉक्स अन यूब्लॉक ओरिजिन: स्पीड बी आली, फ्रॉड साईट बी कमी झाल्या

ज्याच्याकडं ४ जीबी रॅमचा जुना पीसी हाय त्यानं फायरफॉक्स ब्राउझर टाका, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) लावा, विषय संपला. गंगाखेडला आमचं ऑनलाईन सेंटर हाय, पीक विमा, सातबारा, पोरांचे सीईटीचे फॉर्म असे टॅब एकदाच उघडले की क्रोममधी माऊस बी हलंना, अन बाहेर लाईन लागलेली.

असं झालं की कोणीतरी शहाणा येऊन सांगतंयच, सेफ ब्राउझिंग (धोक्याच्या साईटचा इशारा देणारं फीचर) बंद कर मग बघ क्रोम कसं पळतंय. काहीच पळत नाही ओ. क्रोम आधी पीसीतच बघतंय की साईट ओळखीची हाय का, नसंल तरच पत्त्याच्या हॅशचा (पत्त्यापासून बनवलेल्या कोडचा) छोटा तुकडा गुगलला पाठवून विचारतंय, त्याला कितीसा टाईम लागणार. आधी धोक्याच्या साईटची यादी अर्ध्या-एक तासानं अपडेट व्हायची, मार्च २०२४ पासून लगेच चेक होतंय, कारण गुगलच म्हणतंय की फ्रॉडवाली साईट सरासरी १० मिनिटं बी टिकत नाही. तेवढ्यात माणूस लुटून मोकळे. त्यामुळं ते बंद करायच्या भानगडीत पडू नका. फायरफॉक्समधी बी गुगलचीच यादी वापरतेत.

खरा लोड जाहिरातींचा हाय. बातमीची एक साधी साईट उघडा, बातमी चार ओळींची अन खाली-वर-मधी व्हिडिओ, आपल्यावर नजर ठेवणारे ट्रॅकर, खोटी डाउनलोड बटणं. यूब्लॉक हे डाउनलोडच होऊ देत नाही, म्हणून पेज पटकन उघडतंय अन डेटा बी वाचतोय. दुसरं म्हणजे 'तुमच्या कॉम्प्युटरमधी व्हायरस हाय, या नंबरवर फोन करा' वाली फुल स्क्रीन बहुतेक याच जाहिरातीतून येती. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मधी लोकांना सांगितलं होतं की सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा, कारण जाहिरात देऊन खोट्या साईट वर आणायलेत.

आपल्याकडं बी तेच. एचएसआरपी नंबर प्लेटच्या टायमाला महाराष्ट्रात खोट्या साईट निघाल्याच होत्या. सेंटरवर एक मावशी मोबाईल घेऊन आल्या, "दादा, लाडकी बहीणच्या केवायसीला आधी पैसे भरा म्हणायलंय, भरू का?" बघितलं तर साईटच्या पत्त्यात जीओव्ही डॉट इन नाहीच. यूब्लॉक असलं की सर्चमधले वरचे स्पॉन्सर्ड रिझल्ट बहुतेक दिसतच नाहीत, माझ्यासाठी पैसा वसूल इथंच झाला (तसं ते फुकटच हाय म्हणा). नाव मात्र नीट बघा, नुसतं यूब्लॉक नावाचं एक्स्टेन्शन वेगळं हाय, 'ओरिजिन' पाहिजे. क्रोममधी आता पूर्ण यूब्लॉक ओरिजिन चालत नाही, त्याचं 'लाईट' नावाचं हलकं व्हर्जन चालतंय, ते बी ठीक हाय पण ती मजा नाही.

अजून एक आवडलेली गोष्ट, २०२० पासून फायरफॉक्स 'नोटिफिकेशन अलाऊ करा' असं आपोआप तोंडावर आणत नाही. पब्लिक दिसंल तिथं अलाऊ दाबतंय अन मग दिवसभर लॉटरी लागल्याच्या खोट्या नोटिफिकेशन यायल्या.

आता तक्रारी. पहिल्यांदा उघडायला हार्ड डिस्कवर टाईम घेतंय, चहा सांगून येईपर्यंत. रॅम बी काही हवेवर चालत नाही त्याचं, टॅब बंद करायची सवय लावाच. थंबच्या (अंगठ्याचा ठसा घ्यायच्या) मशीनवाली कामं मी क्रोमवरच करतो, तिथं प्रयोग नको. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर एज ब्राउझर हाय, त्यात स्केअरवेअर ब्लॉकर नावाचं फीचर लॅपटॉपमधीच स्क्रीन बघून ती व्हायरसची भीती घालणारी फुल स्क्रीन अडवतंय, चांगलं हाय. मशीनमधी दम असंल तर तेच चालू ठेवा, वेगळं काही टाकायची गरज नाही.

अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समधी बी यूब्लॉक चालतंय, घरच्या म्हाताऱ्यांच्या फोनमधी टाकून द्या. पण व्हॉट्सॲपवर आरटीओ चलन नाहीतर पीएम किसानच्या नावानं एपीके (ॲप इन्स्टॉल करायची) फाईल आली अन ती इन्स्टॉल केली, तर तिथं कुठलंच एक्स्टेन्शन कामाचं नाही. पैसे गेलेच तर ब्राउझरला शिव्या देत बसू नका, आधी १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाईनला फोन लावा, जितका लवकर तितका पैसे मधीच थांबवायचा चान्स.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो थंबच्या कामासाठी दुसरं ब्राउझर ठेवावं लागतंय म्हणून.