कोलाडची टीम आउटिंग : सकाळला पाचपैकी साडेचार, दुपारला दीड

गेल्या रविवारी आमची ३८ माणसं कोलाडला जाऊन आली. राफ्टिंग, जेवण आणि दुपारी ‘टीम बिल्डिंग सेशन’ असं एकत्र पॅकेज. मी चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. एलआरच्या, म्हणजे ट्रकवाल्याच्या मालपावतीच्या, कॉप्यांवरून आमची आणि अकाउंट्सची वर्षभर मेलामेली चालते, म्हणून एचआरने हा घाट घातला. तोही आमच्या सुट्टीच्या दिवशी.

पहाटे चारला बस. ताम्हिणी उतरताना निम्मे झोपलेले, दोघं पिशवी तोंडाशी धरून. एवढी घाई नदीपायी. भिऱ्याच्या वीजघरात, जे १९२७ पासून चालू आहे, वीज तयार झाली की मुळशी धरणाचं पाणी खाली कुंडलिका नदीत येतं आणि त्यावरच राफ्ट चालतात. पाणी सकाळी सुटतं, ते गेलं की दिवस गेला. उशिरा येणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही. आमच्या मीटिंगांनाही असंच एखादं धरण हवं.

काठावर आम्ही सवयीने डिस्पॅचवाले एका राफ्टपाशी, अकाउंट्सवाले दुसऱ्या. गाइड गावातलाच पोरगा. त्याने नजरेनेच वजनं जोखली आणि ‘काका तुम्ही तिकडं, मॅडम इकडं’ करत सगळी कंपूबाजी दोन मिनिटांत मोडली. अकाउंट्सच्या मॅडम डावीकडे सगळ्यात पुढे, त्यांच्या मागे मी, उजवीकडे प्लँट हेड. पुढच्याचं वल्हं बघून आपलं मारायचं, एवढाच नियम. पहिल्याच रॅपिडला, म्हणजे खळाळत्या पाण्याच्या टप्प्याला, मी माझ्या हिशोबाने वल्हवलं, राफ्ट आडवी झाली आणि मॅडम नखशिखान्त भिजल्या. ‘साहेब, तुम्ही घाई करताय,’ एवढंच म्हणाल्या. पुढच्या वेळी गाइड प्लँट हेडवर ओरडला. तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पुढे पाणी संथ झालं. वल्ही मांडीवर ठेवून बसलो असताना मॅडमनी विचारलं, गाडी रात्री खाली होते तर ड्रायव्हरच एलआरचा फोटो का पाठवत नाही? मी म्हटलं, पाठवेल की, त्याला कोणी सांगितलंच नाही. मंगळवारपासून फोटो येतायत.

जेवण झकास. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कोंबडीचा रस्सा.

आणि त्यावर दुपारी अडीचला हॉलमध्ये माइक घेतलेला ट्रेनर! डोळे बांधून चाला, मागे पडा, बाकीचे झेलतील. प्लँट हेड पडले तेव्हा झेलायला वीस हात. स्टोअरचा हेल्पर पडायला उभा राहिला तेव्हा चार, त्यातले दोन गाइडचे. एवढं दिसलं होतं, त्यावर बोलायला हवं होतं. ट्रेनरने टाळ्या वाजवून पुढचा खेळ लावला. शेवटी प्रत्येकाने दिवसाबद्दल एक शब्द सांगायचा. तिसऱ्याने ‘टीमवर्क’ म्हटलं, मग उरलेल्या सगळ्यांनी तेच.

बुक करणार असाल तर दुपारचं सेशन काढून टाकायला सांगा आणि जेवणानंतर माणसांना झाडाखाली बसू द्या. वारही कामाचाच घ्या. कोणाला पोहता येत नाही, कोणाची पाठ दुखते हे आधी खासगीत विचारा. आमच्याकडे ते सगळ्यांसमोर हात वर करायला लावून विचारलं. बायकांना कपडे बदलायला एकच खोली, तिची कडी तुटलेली. आळीपाळीने दार धरून उभ्या होत्या बिचाऱ्या.

चष्म्याला दोरी बांधून जा. माझा कुंडलिकेत आहे.