'प्लॅनेट टेरर': ओरखड्यांसकट घ्यावा की पुसून स्वच्छ केलेला?

घरी 'प्लॅनेट टेरर'ची डीव्हीडी पहिल्यांदा लावली तेव्हा पाच मिनिटांत काका उठले. इजेक्ट दाबलं, डिस्क बाहेर काढली, अंगातल्या बनियनला गोल गोल पुसली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली आणि म्हणाले, "एक चरा नाही रे हिच्यावर. मग चित्र असं का येतंय?" पडद्यावर उभ्या रेघा धावत होत्या, ठिपके उडत होते, मधेच चित्र टुणकन उडी मारत होतं. हे सगळं मुद्दाम केलेलं आहे, असं सांगितलं तर त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मुद्दाम? पैसे खर्चून?"

हो, पैसे खर्चून. आणि हा सिनेमा घरी पाहायचा झाला तर कोणती प्रत घ्यावी याचं सगळं उत्तर त्या ओरखड्यांपाशीच येऊन थांबतं. एरवी आपण 'क्वालिटी कशी आहे' विचारतो तेव्हा चित्र किती स्वच्छ आहे एवढंच विचारत असतो. इथे तो मापदंड चालत नाही. या सिनेमात घाण हा मेकअप आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्सासमधलं एक गाव, लष्कराचा एक विषारी वायू, तो अंगावर आला की माणसांना फोड येतात, ते फुटतात, आणि मग ती माणसं दुसऱ्यांना खायला धावतात. चेरी नावाच्या नर्तकीचा पाय ते तोडून नेतात. त्या जागी आधी टेबलाचा पाय बसवतात आणि नंतर बंदूक. त्या बंदुकीच्या पायावर उभी राहून ती पुढची लढाई लढते. रोझ मॅकगोवननं हे काम इतक्या गंभीर चेहऱ्यानं केलंय की हसू आवरत नाही. आपल्याकडचे अनेक जण ज्याला 'लॉस्ट' मालिकेमुळे ओळखतात तो नवीन अँड्र्यूजही यात आहे. तो बरणीत काय गोळा करत फिरतो ते इथे लिहीत नाही. पोरंबाळं झोपल्यावर आणि जेवण उरकल्यावरच लावा.

रॉबर्ट रॉड्रिगेझचा हा सिनेमा मुळात एकटा आलाच नव्हता. ६ एप्रिल २००७ ला अमेरिकेत 'ग्राइंडहाउस' या नावानं एका तिकिटात दोन सिनेमे लागले. आधी हा, मग क्वेंटिन टॅरंटिनोचा 'डेथ प्रूफ', मधे खोट्या सिनेमांच्या जाहिराती, सगळं मिळून १९१ मिनिटं. ग्राइंडहाउस म्हणजे अमेरिकेतली ती स्वस्त थिएटरं, जिथे मारधाड आणि रक्तपाताचे सिनेमे झिजलेल्या प्रिंटवर चालायचे. ज्यांनी जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मोठ्या शहरांत घासून घासून प्रिंट तालुक्याला यायची, तिथून तंबूत. तोवर तिच्यावर रेघांचा पाऊस पडायला लागलेला असायचा, आणि तुटलेलं रीळ जोडताना ऑपरेटरनं चार फ्रेम कापल्या की हिरो दारातून थेट खुर्चीत. तोच अनुभव विकत देण्याचा घाट या दोघांनी घातला होता. तिकीटबारीवर तो साफ आपटला. मग बऱ्याच देशांत दोन्ही सिनेमे वेगळे करून, लांबवून दाखवले गेले. घरी पाहायच्या प्रतींचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गंमत अशी की 'डेथ प्रूफ' खऱ्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालाय, तर 'प्लॅनेट टेरर' डिजिटल आहे. पॅनाव्हिजनच्या जेनेसिस कॅमेऱ्यानं तो टिपलाय. म्हणजे मूळ चित्र चकचकीत होतं आणि नंतर संगणकावर बसून त्याची वाट लावली गेली. खऱ्या खराब फिल्मचे तुकडे वापरले, ओरखडे चढवले, रंग उतरवले. म्हणूनच या एका सिनेमाच्या बाबतीत 'ओरखड्यांशिवायची आवृत्ती' काढणं शक्य झालं. खरी फिल्म घासली गेली असती तर ती मूळची कोरी कुठून आणणार?

तर समोर मुख्यतः तीन पर्याय आहेत.

पहिला, २००७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आलेली सुट्या 'प्लॅनेट टेरर'ची डीव्हीडी. सिनेमा १०५ मिनिटांचा, लांबवलेला, ओरखड्यांसकट. सुरुवातीला 'मॅचेटी'ची खोटी जाहिरात आहे. (ती लोकांना इतकी आवडली की २०१० मध्ये त्यावर खराच सिनेमा निघाला.) दुसरा, २००८ च्या डिसेंबरात आलेली त्याचीच ब्लू-रे. तीवर ओरखड्यांची आणि ओरखड्यांशिवायची अशा दोन्ही आवृत्त्या आहेत. तिसरा, २०१० च्या ऑक्टोबरातला 'ग्राइंडहाउस' ब्लू-रे संच, ज्यात दोन्ही सिनेमे आणि सगळ्या खोट्या जाहिराती, थिएटरमध्ये होत्या त्याच क्रमानं.

डीव्हीडी पटकन बाजूला ठेवू या. तिचं दुखणं थोडं तांत्रिक आहे, पण कळायला सोपं. व्हिडिओ आकसून डिस्कवर मावतो तो एका युक्तीनं: मागच्या फ्रेममध्ये जे होतं ते पुढच्या फ्रेममध्ये तसंच असेल तर ते पुन्हा साठवायचं नाही. पण ओरखडा आणि ठिपका दर फ्रेमला नव्या जागी उगवतो. ती युक्ती तिथे हात टेकते. डीव्हीडीकडे सेकंदाला फार तर ९.८ मेगाबिट, ब्लू-रेच्या चित्राकडे ४० पर्यंत. त्यामुळे चित्र जितकं घाणेरडं तितकी त्याला जागा जास्त लागते. डीव्हीडीवर स्फोटाच्या प्रसंगात ओरखडे आणि धूर मिळून चौकोनी चौकोनी लगदा होतो, आणि मुद्दाम केलेली खराबी कुठली नि डिस्कची मर्यादा कुठली हे ओळखू येत नाही. काकांची चूक नव्हती. कमी वेगाच्या स्ट्रीमिंगवरही हेच होतं, फक्त तिथे ठिपके वितळून सगळं साबण लावल्यासारखं गुळगुळीत दिसतं. युरोपातली पाल पद्धतीची डीव्हीडी असेल तर ती सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनं पळते, म्हणून १०५ मिनिटांचा सिनेमा साधारण १०१ मिनिटांत उरकतो. डीव्हीडीच्या बाजूनं एकच गोष्ट बोलेन: तीवर थिएटरमधल्या प्रेक्षकांच्या हशा-किंचाळ्यांचा वेगळा साउंडट्रॅक आहे. रात्री एकटे पाहत असाल तर तो लावून बघा, दोन रांगा मागे कुणीतरी बसलंय असं वाटतं.

खरी तुलना आहे ती दोन ब्लू-रेंची, आणि पहिल्या ब्लू-रेवरच्या दोन आवृत्त्यांची.

ओरखड्यांशिवायची आवृत्ती पाहताना आधी खूप बरं वाटतं हे कबूल करतो. मेकअपचं काम केएनबी या नावाजलेल्या मंडळींचं, आणि मेकअपमधला दादा माणूस टॉम साविनी स्वतः डेप्युटीच्या भूमिकेत. पडद्यावर त्याचंच बोट तुटतं. स्वच्छ चित्रात फोडांवरची ओल, पू आणि रक्त यांच्यातला रंगाचा फरक, जिभेवरचे व्रण, सगळं नीट दिसतं. ज्याला हे हातानं कसं बनवतात यात रस आहे त्यानं ही आवृत्ती जरूर पाहावी.

पण मग डॉक्टर डकोटाचा प्रसंग येतो. ती भूल देणारी डॉक्टर. तिचे हात तिच्याच इंजेक्शनांनी बधिर झालेत, बोटं पावाच्या लादीसारखी लोंबतायत, आणि तिला पळून जाण्यासाठी गाडीचं दार उघडायचंय. हात हँडलमध्ये अडकतो, ती घसरते आणि मनगट कटकन मोडतं. ओरखड्यांच्या आवृत्तीत या प्रसंगाला एक अंतर आहे, 'जुन्या सिनेमातलं काहीतरी भयंकर' म्हणून आपण हसतो. स्वच्छ आवृत्तीत तो डिजिटल कॅमेऱ्याचा सपाट, टीव्ही मालिकेसारखा उजेड येतो आणि माझं हसू निम्म्यावर आलं. किळस राहिली, विनोद पातळ झाला.

पायाचंही तसंच. चित्रीकरणाच्या वेळी मॅकगोवनच्या पायाला आवरण बांधून तो ताठ ठेवला होता, नंतर संगणकावर तो पाय पुसून तिथे टेबलाचा पाय किंवा बंदूक बसवली. ओरखड्यांच्या पडद्याआड हा जोड बेमालूम मिळून जातो. स्वच्छ चित्रात नजर सारखी गुडघ्याकडे जाते. म्हणजे घाणीनं नुसतं वातावरण केलेलं नाही, इफेक्ट झाकायचं कामही केलंय. घरच्या लग्नात मांडवाची फाटकी बाजू झालरीनं झाकतात तसं.

आणि ते हरवलेलं रीळ. चेरी आणि तिचा जुना प्रियकर रे यांचा शृंगार रंगात येतो तसे ओरखडे वाढत जातात, चित्र हलायला लागतं, फिल्म तापून पडद्यावर बुडबुडा येतो, जळते, आणि पाटी येते: रीळ गहाळ आहे, थिएटर व्यवस्थापनाकडून दिलगिरी. पुढच्या क्षणी बार्बेक्यूचं हॉटेल धडाधडा पेटलेलं, शेरीफ जखमी, आधी नसलेली माणसं आलेली, आणि तो रेला सांगतोय की तुझं गुपित सांगितलंस ते बरं केलंस. ते गुपित आपल्याला कधीच कळत नाही. लांबवलेल्या आवृत्तीतही ते रीळ गहाळच आहे, त्या आशेनं ती घेऊ नका. हा सिनेमातला सगळ्यात भारी विनोद, आणि त्याची सगळी चढण त्या वाढत्या ओरखड्यांवर उभी आहे. चढणच काढून टाकली तर कड्याचा काय उपयोग? काका इथे पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. म्हणाले, "आमच्या तंबूत असं झालं असतं तर दिलगिरीची पाटी नसती लागली, चपला उडाल्या असत्या."

आता चित्राचा आकार, ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. थिएटरात आणि 'ग्राइंडहाउस' संचात हा सिनेमा लांबट, २.३५:१ आकारात आहे, टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. सुट्या डीव्हीडीवर आणि सुट्या ब्लू-रेवर तो १.७८:१, म्हणजे टीव्ही पूर्ण भरतो. काळ्या पट्ट्यांवर चिडणाऱ्यांना दुसरं आवडेल, कारण तिथे वर-खाली जास्त चित्र दिसतं. पण ते जास्तीचं चित्र बहुतेक वेळा रिकामं छत आणि रिकामी जमीन असतं. लांबट चौकटीत माणसं दाटीवाटीनं येतात, फोड आलेला चेहरा एकदम अंगावर येतो. मला लांबटच बरा वाटला. शिवाय संचातला सिनेमा आटोपशीर आहे. लांबवलेल्या आवृत्तीत मधला भाग थोडा ताणल्यासारखा वाटतो.

तेव्हा एकच घ्यायचा असेल तर 'ग्राइंडहाउस' संच घ्या. चार मित्र जमवा, १९१ मिनिटं सलग लावा, मधल्या जाहिराती चुकवू नका. एडगर राइटची 'डोंट' ही जाहिरात संपूर्ण कार्यक्रमात मला सगळ्यात जास्त हसवून गेली. 'डेथ प्रूफ'चा पहिला अर्धा भाग गप्पांचा आहे, तिथे कुणी डुलकी काढली तर काढू द्या, शेवटच्या गाडीच्या पाठलागाला उठवा. सुटी ब्लू-रे ही दुसरी खरेदी: सिनेमा आवडला, मेकअप कसा केला ते पाहायचंय, तर ओरखड्यांशिवायची आवृत्ती तिथेच मिळेल. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला मात्र ती दाखवू नका. त्याला वाटेल, एवढं काय त्यात.

अमेरिकेतल्या मावसभावाला सांगून मागवणार असाल तर एक खबरदारी. डिस्क ठरावीक प्रदेशातल्या (रिजनमधल्या) प्लेअरवरच चालावी म्हणून जगाची वाटणी केलेली आहे. डीव्हीडीच्या वाटणीत भारत ५ क्रमांकाच्या रिजनमध्ये आणि अमेरिका १ मध्ये. ब्लू-रेच्या वाटणीत आपण 'सी'त, ते 'ए'त. मी एकदा असाच एक संच मागवला, दोन महिने बॅगेची वाट पाहिली, आणि माझ्या प्लेअरनं रिजन चुकीचा म्हणून डिस्क परत थुंकली. खोक्याच्या मागचं बारीक अक्षर त्याला आधी फोटो काढून पाठवायला सांगा, आणि आपला प्लेअर सगळे रिजन घेतो का तेही पाहा.

आणि डिस्क लावण्याआधी रिमोट हातात घेऊन टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जा. 'नॉइज रिडक्शन' बंद, हालचाल गुळगुळीत करणारी जी काही सोय तुमच्या कंपनीनं ज्या काही नावानं दिली असेल तीही बंद. ही दोन्ही चालू राहिली तर टीव्ही त्या ठिपक्यांना आणि रेघांना दोष समजून इमानेइतबारे पुसत बसतो. आमच्याकडे ती तशीच चालू होती, हे मला तिसऱ्यांदा पाहताना कळलं.